सलमाला केलेली दुरुस्ती

र्युसेल्सहाइम (जर्मनी), शुक्रवार, मगरिबच्या नमाजानंतर

आज माझ्या विद्वत्तेने एका लेकराचे तोंड बंद केले. शेजारच्या समीराकडे चहाला गेलो होतो. ती दमास्कसची. तिची सहा वर्षांची सलमा फोनवर आजीशी बोलत होती. एरवी मुलगी जर्मनमध्येच उत्तरे देते. आज आजीला अरबीत ‘अल्बी’, माझे काळीज, म्हणाली. मी मध्येच घशाला बोट लावून म्हणालो, “बेटी, क़ल्बी. क़ाफ़ हे अक्षर घशातून काढ.” चाळीस वर्षे तिलावत, म्हणजे कुराणाचे शुद्ध पठण, शिकवल्याची खोड, की अहंकार?

सलमाने आईकडे पाहिले आणि उरलेले सगळे जर्मनमध्ये बोलली. आजीला जर्मन येत नाही. ती बिचारी पलीकडून ‘अल्बी, अल्बी’ अशा हाका मारत राहिली. तिचाही उच्चार तोच.

घरी येताना सूनबाई रेहाना म्हणाली, “अब्बा, दमास्कसला घरोघरी क़ाफ़ गाळून असंच बोलतात. आपल्या कोकणीला कोणी मध्येच असं सुधारलं असतं तर?” तिलावतीत क़ाफ़ शुद्धच हवा. पण सलमा तिलावत करत नव्हती, आजीशी लाडात बोलत होती.

उद्या तिची माफी मागायची आहे. मला येते ती केवळ ग्रंथातली अरबी, लेकराशी बोलायची नव्हे. माफीसुद्धा रेहानाकरवी जर्मनमध्येच मागावी लागेल.