वाटाड्याचं नाव

प्रिय आत्या,

सगळं ठीक आहे, काळजी करू नकोस, असं लिहायला हात उचलत नाही. मी रागावले आहे आणि हा राग तुझ्याखेरीज कुणापाशी काढावा ते कळत नाही. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, झालं गेलं, आधी जेवून घे.

चर्चच्या समितीने मला काम दिलंय, हे फोनवर सांगितलं होतंच. भिंतीवरच्या इंग्रजी स्मृतिशिलांचा मजकूर मराठीत आणायचा, पाहुण्यांसाठी फलक करायचे. काल शिडीवर चढून खिडकीशेजारचा उंचावरचा दगड पुसला. तोच, ज्याच्याखाली तू दर आठवड्याला फुलं ठेवायचीस. जंगलसाहेबाचा. जंगलखात्यात नुकता लागलेला विशीतला पोरगा. तुझे आजोबा त्याचे वाटाडे होते, वाट चुकले, साहेबाला रानात टाकून पळाले आणि तो तिथेच मेला, हेच ऐकत आपण मोठे झालो. तेव्हापासून आपण वाटचुके. शाळेत पोचायला उशीर झाला की बाईसुद्धा हसून म्हणायच्या, वाटचुक्यांचीच ना तू, मग बरोबर. तुझं ठरलेलं लग्न मोडलं तेही याच शब्दावर. भरवसा ठेवणाऱ्या माणसाला सोडून पळणाऱ्यांची मुलगी आम्हाला नको, असा निरोप आला होता.

आत्या, आता दगडावर काय कोरलंय ते ऐक. साहेब छावणीत तापाने फणफणला. साथीच्या भीतीने बाकीची माणसं पळाली. एकट्या वाटाड्याने त्याला पाठीवर घेऊन रानातून इथवर आणलं, म्हणून मरताना त्याच्या उशाशी कुणीतरी होतं आणि त्याला कबर मिळाली. दगड त्याच्या आईने बसवलाय. तिने उपकार मानलेत, पण कुणाचे, तर 'एका इमानी वाटाड्याचे'. मुलाचं नाव एवढं खोल कोरलंय की त्यात बोट बुडतं, आणि ज्याने त्याला पाठीवर वाहिलं त्याचं नाव विचारायचंही बाईला सुचलं नाही.

हात न धुताच मी समितीच्या अध्यक्षांकडे गेले. म्हटलं, बघा, काय सापडलंय. ते चष्मा पुसत म्हणाले, हो, ठाऊक आहे, शाळेत असतानाच वाचलं होतं. वर समजावणीच्या सुरात सांगितलं की ती एक ओळ गाळ, एवढ्या उंचावरचं इंग्रजी कोण वाचतंय, उगाच जुन्या घरांत वाकडेपणा नको. जुनी घरं कुठली, ते मला कळलं; तेव्हा छावणीतून पळाले त्यांची, यांचंही त्यातच. तुझं ज्यांच्याशी ठरलं होतं, ते हेच ना? म्हणजे त्यांच्या वडिलांनी निरोप धाडला तेव्हा त्यांना खरं माहीत होतं, आणि पुढेही तू त्या दगडाखाली फुलं मांडत असताना ते मागच्या बाकावर बसून असायचे. मी तोंडावर विचारलं. वडिलांपुढे बोलायची तेव्हा सोय नव्हती, म्हणाले. निघताना विचारतात, तुझी आत्या बरी आहे ना? म्हटलं, एवढी काळजी असेल तर स्वतः विचारा, मी तुमचे निरोप पोचवायला बसले नाही.

ओळ मी गाळणार नाही. काम गेलं तर जाऊ दे. पण रात्री 'एक इमानी वाटाड्या' असं मराठीत लिहायला गेले आणि पेन अडलं. साहेबाच्या आईवर एवढी जळफळत होते, पण पणजोबांचं नाव मला तरी कुठे माहीत आहे? बाबांना विचारलं. ते ताटातला घास तसाच ठेवून आठवत बसले, मग ओशाळून म्हणाले, सगळे वाटचुक्याच म्हणायचे गं, आमच्याही तोंडात तेच बसलं. तू मात्र बाबांपेक्षा मोठी. पणजोबांची थोरली बहीण घरी यायची, ती अंगणातून त्यांना नावाने हाक मारायची आणि तू तिची नक्कल करायचीस, असं बाबा सांगतात. आत्या, ती हाक आठव. ती काय म्हणायची ते मला कळव. फलकावर मी तेवढी जागा मोकळी सोडली आहे.

तुझीच,
भांडखोर भाची