उचगावच्या विद्यापीठातली चार मिनिटं

२ जून, सोमवार
आलं एकदाचं पत्र! माझ्या नातीला, भूमिकाला, प्राध्यापकाच्या जागेसाठी मुलाखतीला बोलावलंय. उचगावकडच्या नव्या खासगी विद्यापीठात. नऊ वर्षं कॉलेजात तासावर शिकवतेय — सुट्टी लागली की पगाराचीही सुट्टी. ही शेवटची मुलाखत, म्हणते. पुन्हा अर्ज करणार नाही.

ही डायरी मी सांगते, ती लिहिते. मी ‘हाय’ म्हणते, ही ‘आहे’ लिहिते. पीएचडी झालीय ना!

५ जून
तयारी चाललीय. हुपरीच्या बायका घरात बसून पैंजण जोडतात, तरी त्यांना कामगार का म्हणत नाहीत — तीनशे पानं लिहिलीत बाईनं. मलाच समोर बसवून घोकते. “चुकलं तर सांग, आज्जी.” चुकेल कशाला? मलाच विचारून लिहिलंय!

९ जून, सोमवार
सकाळच्या एसटीनं दोघी गेलो. वेळ दहाची, हाक आली अडीचला. रिकामं बसायची मला सवय नाही. बाकावरच पिशवीतलं पैंजणाचं काम काढलं — कडीत कडी, कडीत कडी.

शेजारी राजशेखर नावाचा उमेदवार. कोट झकास, हातात कागद नाही. शिपाई त्याला दोनदा चहा देऊन गेला. मी म्हटलं, “पावणं, तुमची फाईल?”
“आत आहे, आज्जी.”
फाईल आत, माणूस बाहेर! काय ते मी समजले.

भूमिका चार मिनिटांत परत. साहेबांनी विचारलं म्हणे, “हुपरीच्या बायकांत संशोधन करण्यासारखं काय आहे?”
“मग सांगितलंस न्हाय?”
“ते जेवायला उठले, आज्जी.”

जेवायला निघालेले साहेब माझ्या बाकापाशी थांबले. “वा! हे काय?” सांगितलं की. चांगला अर्धा तास! माना डोलावल्या, फोटो काढले. म्हटलं, “हे समदं हिच्या पुस्तकात हाय.” मोठे साहेब म्हणाले, “हो हो, पण तुमच्या तोंडून ऐकण्यात मजा आहे.”

भूमिका पाठीमागं उभी होती. माझी पिशवी धरून.

१० जून
जेवली नाही.

२० जून
राजशेखर लागला. हिनं स्वतः फोन करून अभिनंदन केलं! मी केला असता तर वेगळे शब्द गेले असते.

२७ जून, शुक्रवार
विद्यापीठाचं पत्र. माझ्या नावानं! हातात कला असलेल्यांना प्राध्यापक नेमायची योजना आहे म्हणे. शिक्षणाची अट नाही. मला नेमायचंय, खाली संमतीची सही तेवढी हवी.

भूमिकानं दोनदा वाचून दाखवलं. मी म्हटलं, फाडून टाक. ती उठली, कपाटातनं शाईचं पॅड काढलं, माझ्यापुढं ठेवलं.

“दे अंगठा. घरात एकीची तरी ऑर्डर येऊ दे की, आज्जी.”