दादाच्या पाठीमागे

तुरैफ, जानेवारी २००८

दर्शनावहिनींस मंगेशचा नमस्कार.

दादा फोनवर येत नाही म्हणून तो रागावलाय, असं तुम्हांला वाटतंय. तसं नाही. त्याचं तोंड डावीकडून वाकडं झालंय आणि बोलणं नीट फुटत नाही.

इथे सौदीच्या उत्तरेला हिवाळ्यात नळातलं पाणी गोठतं. कॅम्पपासून साइटवर आम्ही दोघं मोटारसायकलने जातो. गाडी माझी, पण खोकला झालाय असं सांगून मी महिनाभर मागे बसलो. खोकला नव्हता, वहिनी. पहाटेचा वारा तोंडावर नको होता. दादाने स्वतःचा मफलरही मलाच दिला. "पाठीला चिकटून बस," म्हणायचा.

एका सकाळी चहा त्याच्या ओठांतून ओघळला. वाऱ्यानेच झालं असं नाही, हळूहळू बरं होईल, असं डॉक्टर म्हणाले. मला ते पटत नाही. "घरी कळवू नकोस," असं दादाने बजावलंय, तरी लिहायला बसलो.

एवढं लिहून झालं आणि दादाने स्वतःच फोन लावला. तुम्ही विचारलंत, "जेवताय का? शब्द कळत नाहीत."

"हो, जेवतोय," तो म्हणाला. तुम्ही हसलात, ते मलाही ऐकू आलं.

आता हे पत्र टाकत नाही. आजाराचं त्याला वाटेल तेव्हा तो सांगेल. माझ्या खोट्या खोकल्याचं मी गावी आल्यावर तुमच्यासमोर बसून सांगेन. दादाला सांगायचं धाडस मात्र अजून झालेलं नाही. तो शेजारच्या खाटेवरच झोपलाय.

तुमचा धाकटा दीर,
मंगेश