टाकणखारातला फिकट पट्टा

बाबा, तुम्ही गेल्यावर दुकानातला टाकणखाराचा डबा मी मुंबईला आणला. आगरदांड्याच्या धक्क्याजवळचं आपलं सोनारकामाचं दुकान त्याआधीच बंद पडलं होतं. नारळी पौर्णिमेच्या तोंडावर ती कोळीण सांधलेली माळ न्यायला आली, तो दिवस मला अजून दिसतो. माळ हातावर तोलत ती म्हणते, "सोनारा, यात खोट हाय. माझ्या डोल्यांदेखत वितलव." तुम्ही माळ मुशीत घालता, सोन्यातला मळ सुटावा म्हणून चिमूटभर टाकणखार टाकता, फुंकणी फुंकता, ज्वाळेला हिरवी कड येते. सोन्याची गोळी काळपट निघते. "झाळेतल्या तांब्यामुळं हाय ते, बाय. सांध्याला झाळ लागतेच." "मंग केवढी घातलीस?" एरवी तुमच्या बडबडीने गिऱ्हाईक कंटाळायचं, आणि नेमकं तेव्हा तोंडाला कुलूप. गावाने काय समजायचं ते समजून घेतलं, आणि गिऱ्हाईक तुटत गेलं.

पुढे एकोणीसशे साठनंतर मी प्रयोगशाळेत बोरॉनच्या रेणूंचा प्रकाश तपासू लागलो. बोरॉन टाकणखारात असतोच. तो विजेच्या ठिणगीत जाळायचा, उजेड लोलकातून फाकवायचा आणि फोटोच्या काचेवर उमटलेले पट्टे मोजायचे. प्रयोगशाळेतली बाटली उघडण्याआधी सहज तुमच्या डब्यातला घातला. प्रत्येक ठळक पट्ट्याशेजारी एक फिकट पट्टा! सोनाराच्या पोराला दुसरं काय सुचणार? भेसळ. विरघळवला, गाळला, पुन्हा खडे धरू दिले; परत परत तेच केलं. फिकट पट्टा जागचा हलेना. कोळीण खरी होती असं वाटायला लागलं, आणि घास उतरेना. शेवटी प्रयोगशाळेतल्या सरांना काच दाखवली. ते हसले. "आपल्या बाटलीतला घालून बघा." त्यातही तेच. "अहो, बोरॉनचे अणूच दोन वजनांचे. पाचांत एखादा हलका. त्याचा रेणू भरभर कंप पावतो, म्हणून पट्टा बाजूला सरकतो. धुऊन जाणार कसा?" त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

पण बाबा, परीक्षा टाकणखाराची झाली, सोन्याची नाही. आईच्या पाटल्या तुम्हीच घडवलेल्या, त्या माझ्याकडे आहेत. किती तांबं आहे ते यंत्राने सांगितलं असतं, आणि मी निवृत्त होईपर्यंत ते यंत्र हाताशी होतं. तुमच्यावर माझा जीव होता, अजून आहे. हा कागद पाटल्यांच्याच कपाटात ठेवतो आहे. त्या मी कधीच तपासल्या नाहीत.