सिसीची माळ

३ मे, रविवार
एकही नाही! चर्चमधून आले ती पांढरे कपडेही न बदलता ओढ्याच्या वरपर्यंत गेले. शंभर पानं तरी उलटली असतील. पूर्वी एकेका पानामागे सात-आठ सिसी चिकटलेल्या असायच्या – बोटाच्या पेराएवढ्या, तपकिरी, चकचकीत गोगलगायी. आज नुसती पानं.

माझ्या लेकीचं, सिएनीचं लग्न जूनमध्ये. आमच्या घरची मुलगी सिसीच्या शंखांची माळ घातल्याशिवाय सासरी गेलेली नाही. ओवायला आता गावात एकट्या मकेरिता मावशीलाच येतं. दोनशे शंख लागतात. डब्यात एकतीस आहेत.

५ मे, मंगळवार
मावशी म्हणते, हे तिच्याच हातून झालं. "पानावर दोन सोडायच्या, असं आई सांगायची. मी मेली हावरट! पाद्र्यांच्या बायकोच्या माळेसाठी पानंच्या पानं ओरबाडली. सिसी काय अंडी घालते का ढिगानं? एकेक पिल्लू देते बिचारी."

मी खाली मान घालून खोबरं खवत राहिले.

७ मे, गुरुवार
इथे तरी खरं लिहिते. किडे मी आणले. चार वर्षांपूर्वी, मामेभावाच्या मळ्यातून, ओल्या पानात बांधून, बोटीत मांडीवर ठेवून. काळे, चपटे, पाठीवर एक फिकट रेघ. परदेशी दांडग्या गोगलगायींनी अळू फस्त केलं होतं, त्यांच्यावर सोडले. काय कौतुक झालं माझं! तोंड पोटाच्या मधोमध, तिथून पांढरी नळी काढतात आणि गोगलगाय शंखातल्या शंखात संपवतात. मी गावभर दाखवत सुटले. कुदळीने तुटला तर तुकड्याचाही नवा किडा होतो, हेसुद्धा हौसेने सांगितलं.

दांडग्या कमी झाल्या. मग मागच्या पावसात पाहिलं – सिसीच्या चिकट वाटेचा माग काढत तीन किडे खोडावरून वर निघालेले. कुणाला बोलले नाही. मावशी स्वतःला दोष देते आणि मी देऊ देते. लाज वाटते.

९ मे, शनिवार
पलीकडच्या बेटावरून धाकट्या बहिणीचा, लेउताचा फोन. तिच्याकडे सिसी आहेत! पानोपानी!

"ताई, पण दांडग्याही आल्यात. अळूचं वाटोळं झालं. तुझे ते किडे पाठव ना."
"बघू."
"बघू काय? सगळ्या गावाला वाटलेस, सख्ख्या बहिणीलाच नाही!"

विषय बदलला. नको म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं.

१२ मे, मंगळवार
आज मावशीला सांगणार होते. ती झोपली होती. म्हणजे पडली होती. जागी होती.

१६ मे, शनिवार
सांगितलं! संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला, चटईवर आम्ही दोघीच होतो. मावशी म्हणाली, "म्हणजे मी नाही?"
"नाही गं मावशी. तू नाहीस."

रडली. मग हसली. "अगं, वर जाऊन आईला काय तोंड दाखवू, असं झालं होतं मला!" मला वाटलं होतं, थोबाडीत मारेल. तिने नुसता माझा हात धरून ठेवला. मग एकदम उठली आणि न जेवताच घरी गेली. थकली असेल.

सोमवारच्या बोटीने लेउताकडे जाते. माळेपुरते शंख आणेन, पानावर दोन सोडून. आणि तिलाही सगळं सांगेन.

१७ मे, रविवार
पहाटे मावशी दारात. डोळे सुजलेले.

"फुआतिनो, लेउताने मला फोन केला होता. ताई टाळते म्हणाली. मग मीच तुझ्या मळ्यातली नारळाची सोडणं उचकटून किडे गोळा केले. ओल्या पानात बांधले, तू बांधलेस तसे. गुरुवारच्या बोटीने पाठवले."

लेउताला फोन केला. शुक्रवारीच सोडले म्हणते. फार खूश आहे.