कोपरापर्यंत निळे

४ जानेवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तू धड आहेस हे कळलं आणि पायमोजे पोचले हेही कळलं. बाकी तुझ्या पत्रात काही नव्हतं. पुढच्या वेळी जरा मनावर घेऊन लिही.

आता मुद्द्याचं. काल आपल्या दारात कोण आलं असेल? हातमोज्या! एवढा मोठा कापडगिरणीचा मालक, स्वतः, आपल्या गल्लीतली गटार ओलांडून. पांढरे मोजे हातात होतेच. नाकाला रुमालही होता.

लढाई लागली आणि त्याच्या रंगाची पिंपं यायची बंद झाली. ज्या देशाशी तुम्ही लढताय, तिथल्याच कारखान्यातली ती पिंपं. आता फौजेला गणवेशासाठी निळं कापड हवंय आणि याच्याकडे निळा थेंब नाही. तेव्हा रंगाऱ्याची मुलगी आठवली. म्हणतो, तुझ्या बाबांचे रांजण परत लाव, निळीच्या वड्या मी जहाजाने मागवतो.

मी त्याला बस म्हटलं नाही. कसं म्हणणार? याच माणसाने पिंपातला स्वस्त रंग आणून बाबांचे रांजण कोरडे पाडले. मग उपकार केल्यासारखं त्यांना गिरणीचं अंगण झाडायला ठेवलं. पाहुण्यांना ते निळे हात दिसू नयेत म्हणून बाबांच्या हातांना पोत्याच्या पिशव्या बांधायला लावायचा. बाबा झाडता झाडता गेले, ते त्या पिशव्यांसकट. तू फौजेत होतास. गाठी मी सोडल्या.

म्हणून माझी अट घातली. रांजण लावते, पण पहिला रंग तयार झाला की गिरणीच्या अंगणात, सगळ्या कामगारांदेखत, तुम्ही मोजे काढून हात बुडवायचे. कोपरापर्यंत. लालबुंद झाला. विचार करून सांगतो म्हणाला. करू दे.

तुझी बायको बरी आहे. तुझ्या घोरण्याने शत्रू पळून जाईल आणि लढाई लवकर आटपेल अशी तिला आशा आहे.

माया आहेच, ती शिव्यांतून ओळखत जा.

तुझी ताई


२ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र सगळ्या तंबूला वाचून दाखवलं. खांद्यापर्यंत मागायचंस की गं! घासाघीस करून कोपरावर आली असतीस. भाव करणं तुला कधी जमलंच नाही.

मी कुठे आहे ते लिहायला बंदी आहे. भाजीत काय घातलंय ते आचाऱ्याला विचारायलाही बंदी आहे. लढायला म्हणून निघालो आणि शेतं राखत बसलोय. शेतं तरी कसली, कमरेएवढी झुडपं. त्यांना शेळीसुद्धा तोंड लावत नाही. आमची पाठ वळली की इथले लोक ती उपटतात आणि तिथे धान्य पेरतात. साहेब म्हणतो, झुडपं फौजेच्या कामाची आहेत, उपटताना कोणी दिसला की हाणा. मी अजून कुणाला हात लावलेला नाही, लांबून ओरडतो. माझं ओरडणं त्यांना कळत नाही, त्यांचं मला.

शेताच्या कडेला हौद आहेत, त्यांत ती पानं कुजवतात. त्या वासाने मला आपल्या घराची आठवण का येते, ते काही उमगत नाही.

हातमोज्याचं काय झालं ते बयाजवार लिही. इथे दुसरी करमणूक नाही. बायकोला सांग, शत्रू अजून भेटलाच नाही, नाहीतर घोरून दाखवलं असतं.

तुझ्या शिव्यांना आसुसलेला,
धाकटा


५ एप्रिल

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. वि. वि. अरे गाढवा, ती नीळ आहे! रंगाऱ्याच्या घरात वाढलास आणि तुला नीळ ओळखता येऊ नये? पण मी तरी काय बोलू. आपण जन्मभर वड्या पाहिल्या, झाड कोणी पाहिलं होतं?

हातमोज्या कबूल झाला! फौजेचे अधिकारी त्याच्या उरावर बसलेत, जाईल कुठे? वड्यांची पहिली पोती आली, बाबांचे रांजण गिरणीच्या अंगणात पुरले, चुना घातला, कोंडा घातला. बाबांच्याच दांड्याने ढवळते. वरती तांबूस साय धरायला लागली आहे. वासाने गिरणीतल्या बायका पदर नाकाला लावतात, मला तर भूक लागते.

आता नीट ऐक. नीळ कमी पडली तर रांजण बसतील, रंग धरणारच नाहीत, आणि रांजण बसले की तो सुटला. बाबांच्या हातांच्या गाठी सोडल्या तेव्हापासून मी याच दिवसावर जगतेय. एकही झुडूप उपटू देऊ नकोस. नुसतं ओरडून काय होतं? हाण त्यांना. ते कोण लागतात आपले?

तब्येतीला जप. दया दाखवायची असेल तर घरी येऊन दाखव.

तुझी ताई


१८ मे

ती. ताईस,

सा. न. हे पत्र सुट्टीवर निघालेल्या सोबत्याच्या हाती देतोय, म्हणजे साहेब वाचणार नाही.

तू लिहिलंस, हाण. मी हाणलं.

म्हातारा होता. भर दुपारी, माझ्यासमोर झुडपं उपटत होता. ओरडलो, ऐकलं नाही. मी बंदुकीचा दस्ता उगारला आणि त्याने तोंडावर हात धरले. ताई, ते हात कोपरापर्यंत निळे होते. नखांच्या कडा काळ्या, तळव्यावरच्या रेषा निळ्या, अगदी बाबांसारख्या. मला दिसलं. पण दस्ता निघाला होता. उजव्या हाताची बोटं मोडली.

आमच्या आचाऱ्याला त्यांची भाषा थोडी येते. तो सांगत होता, पूर्वी यांना मारून मारून नीळ पेरायला लावली. मग पिंपातला रंग निघाला, नीळ कोणी घेईना, आणि हे उपाशी मेले. कसंबसं धान्य उभं केलं, तर आता लढाई आली आणि परत नीळ. साहेब दारू प्यायला की म्हणतो, लढाई तरी कशाची, आपल्या गिरण्यांनी कुठे माल विकायचा आणि शत्रूच्या कारखान्यांनी कुठे, यावरून दोघांची जुंपली. वड्यांच्या पोत्यांवर शिक्का कुणाचा आहे ते पाहिलं. आपल्या हातमोज्याचा.

म्हाताऱ्याने मोडका हात छातीशी धरला आणि डाव्या हाताने पुढचं झुडूप उपटलं.

काय लिहू? तूच सांग.

धाकटा


२५ जून

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. वि. वि. तुझा सोबती आला तेव्हा मी गिरणीत निघाले होते. हातमोज्याने बुडवायचा दिवस टाळत टाळत आणला होता, तोवर मीही कापड रंगवेना, म्हणून आज अधिकाऱ्यांनीच त्याला दम भरला. तुझं पत्र चुलीपाशी उभ्याने वाचलं. मग दाराआडची पहार उचलली आणि गेले.

अंगण माणसांनी भरलं होतं. त्याने मोजे काढले. हात बघायचे होतेस, लोण्याचे गोळे! बुडवले कोपरापर्यंत. काढू लागला तर म्हटलं, थांबा, घाई कसली? बाहेर काढले तेव्हा हिरवट होते. त्याला वाटलं सुटलो, हसलासुद्धा. मग वारा लागला आणि सगळ्यांदेखत ते निळे होत गेले. बायका फिदीफिदी हसल्या. मी हे मनात इतक्यांदा पाहून ठेवलं होतं, पण खरं झालं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे दुसरेच हात होते.

मग मी मोठ्याने सांगितलं, हा रंग कुणाच्या शेतातून आला, माझ्या भावाने कुणाची बोटं मोडली. मोडायला कुणी सांगितलं, तेही सांगितलं. हसणं बंद झालं. पहार घेतली आणि बाबांचे रांजण फोडले. एकूणएक. हातमोज्या धरा धरा ओरडत होता, पण पुढे कोणी येईना. उरलेल्या वड्या बायकांनीच अंगणाकडेच्या गटारीत ओतल्या. ती गटार त्याच्या बंगल्यावरून जाते, आता जाताना निळी जाते. अधिकाऱ्यांना दाखवायला त्याच्याकडे रंग नाही, कापड नाही, फक्त हात आहेत.

तो दुसरा रंगारी शोधेल. शोधू दे. तोवर त्या लोकांचं एक पीक तरी उभं राहील. मला न्यायला शिपाई येतीलच. बोचकं बांधून बसले आहे, तुझ्या बायकोने लाडू बांधून दिलेत... नको, ती रडतेय म्हणून लिहीत नाही.

हातमोज्याचा रंग थंडीपर्यंत उतरेल. म्हाताऱ्याच्या बोटांचं काय? ते तू बघ. त्याच्या शेतात जा आणि तो दाखवील ते पेर. भाषा येत नाही ही सबब मला सांगू नकोस, राबायला भाषा लागत नाही. साहेब ओरडला तर ओरडू दे.

मी तुला माफ केलेलं नाही. केलं तर मलाही करावं लागेल, आणि ते इतक्यात होणार नाही.

जिवंत परत ये. बायको गळ्यात पडेल, पडू दे. पण उंबरा ओलांडायच्या आधी मी तुझे हात बघणार आहे.

तुझी ताई