जाळीतला पितळी चुरा

प्रिय सारिका,

अक्षर ओळखलंस तरी लगेच फाडू नकोस. माझा फोन तू उचलणार नाहीस, म्हणून लिहितोय. आबा तुला रोज जेवणाच्या सुट्टीत ज्या ‘कॉलेज’च्या गमती सांगतात, तो मीच. साक्रीच्या पुढे तलावाचा बांध चाललाय, तिथे चार महिने झाले, तुझ्या वडिलांच्या बुलडोझरची दुरुस्ती मी बघतो. मी शिक्षण अर्ध्यात सोडलं एवढंच त्यांना ठाऊक आहे. जळगावला कॉलेजच्या कॅन्टीनसमोर तुझ्यासाठी एकाचे दात पाडले, ते नाही. फोनवर तू हसलीस की आवाज बाहेर येतो. तेवढ्यासाठी मी केबिनपाशी ग्रीस भरत बसतो.

मशीन माझ्याहून म्हातारं. आधी त्याचं ब्लेड उचलून ठेवलं की आपोआप खाली बसायचं. सगळे म्हणाले, पंप गेला. मी म्हटलं, पंप गेला असता तर ब्लेड उचललंच नसतं, सिलेंडरचं पॅकिंग तेल धरत नाही. पॅकिंग बदललं आणि ब्लेड जागचं हललं नाही. त्या दिवशी आबांनी स्वतःच्या डब्यातलं भरीत माझ्या कळण्याच्या भाकरीवर वाढलं.

मग गिअरनं त्रास द्यायला सुरुवात केली. थंड असताना ठीक, पण तापलं की रिव्हर्स टाकल्यावर दोन-तीन सेकंद नुसतं गुरगुरायचं, मग धरायचं. तेल पुरेसं होतं. म्हणून मंगळवारी तेलाची जाळी काढायला बसलो. नट निघेना, तसा मी पाना भिरकावला. आबा सगळ्यांसमोर म्हणाले, “हाऊ पोऱ्या आन् हाई मशीन सारखाच शेतस. तपनात का सुटी जातस.” तापलो की सुटतो म्हणे, मशीनसारखाच! सगळे हसले. माझं टाळकं सरकलं.

जाळीत सोनेरी चुरा होता. पितळी. आतल्या क्लचच्या प्लेटा झिजून संपत आल्या की तो येतो. अशा मशीननं उतारावर जायचंच नसतं. आबांनी विचारलं, “काय सापडनं रे, कॉलेज?” मी म्हटलं, काही नाही. जाळी डब्यात डिझेलनं धुऊन परत बसवली. म्हटलं, अडू दे एकदा भर कामात, मग येतील माझ्याकडेच.

काल रिव्हर्समध्ये बांध चढताना मशीन सुटलं आणि घसरत खाली आलं. मी खाली मुरमाच्या खड्ड्याजवळ उभा होतो. केबिनमधलं आबांचं तोंड मला दिसत होतं. त्यांनी ब्लेड जमिनीत रोवलं, म्हणून काठावर थांबलं.

आज बाजार, काम बंद. सकाळी त्यांनी तुला फोन केला तेव्हा मी तिथेच होतो. म्हणाले, “मना पाय चुकना, बेटा. ब्रेकवर येळवर गया नही. आते मशीन सोडस.” सारिका, त्यांचा पाय चुकलेला नाही. मशीन सुटणार हे मला मंगळवारपासून माहीत होतं. बांध पुरा झाला की मशीन सोडायचं म्हणतात, पण उद्या ते पुन्हा त्याच उतारावर जाणार आहेत. मी पोस्टासमोर बसलोय, धुतलेल्या चुऱ्याचा डबा पायाशी आहे, आबा पलीकडे मिरच्या निवडतायत. आधी हे पत्र पेटीत टाकतो, म्हणजे मला माघार उरणार नाही. मग डबा त्यांच्यापुढे ठेवतो. त्यांनी मारलं तर बरं, गप्प राहिले तर काय करू? आणि मला ठाऊक आहे, ते मला झाकतील, तुला पुन्हा स्वतःचाच पाय सांगतील. तो खरा मानू नकोस. त्यांना म्हातारं समजू नकोस, एवढ्यासाठीच लिहिलं.

तुझाच म्हणायला आज भीती वाटते,
हितेंद्र